एसएस पॅटर्नचं लेकरू: तपासणीपासून रोजच्या औषधापर्यंत घरच्यांनी काय, कधी आणि कसं करायचं

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, तिकडे पार मेळघाटापर्यंत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव लोकांना नवं नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली छापली. इतकी वर्षं झाली, तरी लेकराला एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार आहे हे आईबापाला कळतं ते दोन-तीनदा भरती झाल्यावर, एखादी रक्ताची पिशवी लागल्यावर. काही घरांत तर मोठं लेकरू गेल्यावर धाकट्याची तपासणी होते.

समुपदेशनाच्या टेबलावर मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असतो, ‘मॅडम, याच्यावर औषध आहे का?’ औषध आहे, चांगलं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण पहिल्या पाच वर्षांत एसएसचं लेकरू वाचतं ते बहुतेकदा घरात होणाऱ्या कामांमुळे: वेळेत झालेली तपासणी, रोजचं पेनिसिलिन, आईच्या बोटांनी तपासलेलं पोट आणि तापात न थांबता गाठलेला दवाखाना. यातलं प्रत्येक काम जगात कुठे ना कुठे खऱ्या लेकरांवर अभ्यास करून तपासलेलं आहे. म्हणून ते कसं करायचं आणि का, हे दोन्ही एकत्र सांगते.

आधी आजार थोडक्यात

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका दुव्यात फरक असतो. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी लागली की अशा पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. अडकल्या की दुखणं, फुटल्या की रक्त कमी.

आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही दोष आले तर एसएस, म्हणजे आजार. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक माणूस आजारी नसतो, शेतात राबतो, सगळं करतो. आईबाप दोघंही एएस असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी एसएसची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. ‘पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ असा हिशेब नसतो, दर वेळी तेवढीच शक्यता. आणखी एक गोष्ट सासरच्या माणसांसमोर मी मुद्दाम मोठ्याने सांगते: एसएस लेकरात एक दोष बापाकडूनच आलेला असतो. सुनेला बोल लावून काही हाती लागत नाही.

तपासणी कधी आणि कोणती

जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. ते पेशींना वाकू देत नाही, म्हणून बाळ गुटगुटीत दिसतं. साधारण पाच-सहा महिन्यांनंतर ते कमी होतं आणि त्रास सुरू होतो. पहिली खूण पुष्कळदा हातापायांची असते. पंजे किंवा पावलं सुजतात, बाळ हात लावू देत नाही, रडतं. घरचे म्हणतात, काहीतरी चावलं असेल.

गावात बोटाला टोचून जी सोल्युबिलिटी चाचणी होते ती पहिल्या चाळणीपुरतीच. तिच्यावरून एएस आणि एसएस वेगळे ओळखता येत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आत ती फसवी ठरते. सिकल असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आई एएस किंवा एसएस असेल तर बाळासाठी एचपीएलसी चाचणीच मागा. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी ही रक्तचाचणी. तीही फार लहान वयात केली असेल तर डॉक्टर वर्षभरानंतर पुन्हा करायला सांगतात. ते टाळू नका. आईबाप दोघांचीही एचपीएलसी करून घ्या, कारण कधी एकाकडे सिकल आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक) दोष असतो, आणि तसं लेकरूही सिकलसारखंच आजारी पडतं.

बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला पहिल्याच भेटीत सांगा, ‘ताई, मी एएस आहे, याची तपासणी कुठे होईल?’ मोठ्या लेकरांसाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही विचारता येतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, त्यामुळे आता तपासणी उपकेंद्रांपर्यंत पोचली आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं संशोधन केंद्र चंद्रपुरातच आहे.

रिपोर्ट हातात आला की त्यावर ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. एएस की एसएस, हे स्पष्ट लिहून मागा. त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरही पाठवा.

लहान लेकराचं रक्त घेताना

हा भाग पुष्कळांना किरकोळ वाटतो. मला वाटत नाही. एसएसच्या लेकराला आयुष्यभर सुया लागणार आहेत. पहिल्या दोन-चार वेळा जबरदस्तीने धरून केलं की पुढे पांढरा कोट दिसताच ते थरथरतं, आणि मग आईबापच तपासणी टाळू लागतात.

तान्ह्या बाळाची टाच टोचायची असेल तर दोन-तीन मिनिटं आधी अंगावर पाजायला घ्या आणि टोचून होईपर्यंत पाजत राहा. असं केल्याने बाळाला वेदना कमी होतात, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. टाच आधी कोमट ओल्या फडक्याने शेकली की रक्त सहज येतं. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मध्यभागी नाही.

मोठं लेकरू असेल तर निघण्याआधी आणि वाटेत पाणी पाजा, उपाशी ठेवू नका. या तपासणीला उपास लागत नाही, आणि पाणी प्यायलेल्या लेकराची शीर लवकर सापडते. टेबलावर आडवं करून चौघांनी धरण्यापेक्षा आईने किंवा बापाने मांडीवर, छातीशी तोंड करून बसवावं आणि एक हात नर्सताईकडे द्यावा. ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘टोचेल, मी दहा म्हणेपर्यंत दुखेल, मग झालं’ असं सांगा आणि खरंच दहापर्यंत मोजा. ‘रडशील तर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी घरात कायमची बंद करा.

पेनिसिलिन आणि लसी

एसएसच्या लेकराची पानथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच नीट काम करेनाशी होते. रक्तातले काही जंतू गाळायचं काम तिचं. ती कमजोर झाली की न्यूमोकोकस नावाचा जंतू काही तासांत लेकराला घेऊन जाऊ शकतो.

अमेरिकेत मॅरिलिन गॅस्टन यांच्या गटाने २१५ लहान लेकरांवर चाचणी केली. १०५ जणांना रोज दोनदा पेनिसिलिन, ११० जणांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पेनिसिलिनच्या गटात दोघांना हा जंतुसंसर्ग झाला आणि कोणीही दगावलं नाही. दुसऱ्या गटात तेरा जणांना झाला आणि तिघं गेली. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना औषध दिलं. निकाल १९८६ साली छापला गेला, आणि जन्मतःच तपासणी का करायची याचं सगळ्यात भक्कम उत्तर तिथून मिळालं.

त्यानुसार वय दोन महिने होताच तोंडाने घ्यायचं पेनिसिलिन सुरू करतात. तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, पुढे पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. गोळी मिळत नसेल तर डॉक्टर दुसरं औषध बदलून देतात, पण ‘मिळालं नाही’ म्हणून खंड पडू देऊ नका. महिन्याचं औषध संपायच्या आठवडाभर आधी आणायला जा, विशेषतः पावसाळ्यात, नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होण्याआधी. लेकरू ठणठणीत आहे म्हणून बंद करायचं नाही. ते ठणठणीत राहावं म्हणूनच हे औषध आहे.

सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वेळी मोफत मिळते. ती आणि पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची एकत्र लस) चुकवू नका. दोन वर्षांनंतर न्यूमोकोकसची वेगळी लस, शिवाय मेंदूज्वर, टायफॉइड, फ्लूच्या लसी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

पानथरी हाताने तपासायची कशी

घरी शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हे. कधी कधी लेकराचं रक्त अचानक पानथरीत साचतं. काही तासांत पोट डावीकडे फुगतं, ओठ पांढरे पडतात, लेकरू मलूल होतं. वेळेत रक्त मिळालं नाही तर जीव जातो.

जमैकात किंग्स्टनच्या रुग्णालयात १९७३ पासून जन्मतःच तपासणी करून एसएसच्या बाळांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी आईबापांना पानथरी तपासायला शिकवलं. शिकवण्याआधी अशा प्रत्येक १०० प्रसंगांत सुमारे २९ लेकरं दगावत होती, शिकवल्यानंतर सुमारे ३. १९८५ साली छापलेल्या त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. शिकवल्यावर सापडणाऱ्या प्रसंगांची संख्या वाढली, कारण आधी जे कोणाच्या लक्षातच येत नव्हतं ते आया ओळखू लागल्या. यंत्र नाही, महाग औषध नाही. आईची बोटं.

करायचं असं. लेकरू शांत असताना, पोट गच्च भरलेलं नसताना, पाठीवर निजवा. गुडघे थोडे वाकवा म्हणजे पोट सैल पडतं. आपले हात चोळून गरम करा. लेकराच्या उजव्या बाजूला बसा आणि उजव्या हाताची चार बोटं सपाट, बेंबीच्या खाली ठेवा. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, बोटांच्या पेरांनी हलकं दाबायचं. लेकराने श्वास आत घेतला की पानथरी खाली सरकते आणि बोटांना टेकते. तिथून थोडं थोडं वर, डाव्या बरगडीच्या दिशेने सरकत जा. डाव्या बरगडीच्या खालून काही गुळगुळीत, घट्ट कड लागली तर ती पानथरी. काहीच लागलं नाही तर उत्तम. बरगडीपासूनच चाचपायला सुरुवात केली तर खूप वाढलेली पानथरी हाताखालून निसटते, म्हणून नेहमी खालून वर.

कड लागली तर डाव्या बरगडीच्या काठापासून त्या कडेपर्यंत एक सुती दोरा धरा आणि गाठ मारा. ती झाली तुमच्या लेकराची नेहमीची खूण. तारीख लिहून दोरा औषधाच्या पिशवीत ठेवा. पुढे रोज आंघोळीआधी तपासा. गाठीच्या पुढे दोन बोटं गेली, किंवा पोट अचानक ताणलेलं आणि लेकरू पांढरं, सुस्त वाटलं, तर दवाखाना, रात्र असली तरी. पहिल्यांदा हे डॉक्टर किंवा नर्सताईसमोर करून दाखवा, त्यांच्या हाताखाली शिका. आजीलाही शिकवा, कारण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत लेकरू तिच्याजवळच असतं.

परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की पाच-सहा वर्षांनंतर पानथरी आकसते आणि हा धोका सरतो. आपल्याकडच्या अनेक लेकरांची पानथरी त्याहून मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते. शाळेत जाऊ लागलं तरी तपासणं सोडू नका.

मेळघाटात पोट फुगलेल्या लेकराला डंबा देतात, तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके. ज्या घरात ते करतात त्या घरात लेकरावर प्रेम कमी असतं असं नाही. पण एसएसच्या लेकराला भाजलेली जखम म्हणजे जंतूंना आणखी एक दार, आणि पोटात साचलेलं रक्त डंब्याने परत येत नाही. भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्याकडे जायचंच असेल तर दवाखान्यात रक्त चढून लेकरू सावरल्यावर जा.

ताप

घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. काखेत धरा, आवाज येईपर्यंत. हाताने कपाळ चाचपून ठरवू नका.

१०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे एसएसच्या लेकरासाठी तातडीची वेळ. आजी म्हणते, ‘दात येऊन राहिले त्याले, म्हणून आहे ताप.’ असेलही. पण घरी बसून ते ठरवता येत नाही आणि चुकीची किंमत फार मोठी आहे. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, एका किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने द्या आणि निघा. वाटेत ताप उतरला म्हणून अर्ध्यातून परत फिरू नका. औषधाने ताप उतरतो, जंतू जात नाही.

दवाखान्यात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘लेकरू एसएस पॅटर्नचं आहे, ताप १०१ आहे.’ अशा लेकराला रक्ताचा नमुना घेऊन लवकरात लवकर अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला हवं, साध्या तापाच्या लेकरासारखं रांगेत बसवायला नको. गडचिरोलीच्या बाजूला राहत असाल तर मलेरियाची तपासणीही त्याच वेळी मागा. एएस माणसाला मलेरियाचा जबर त्रास होण्याचा धोका बराच कमी असतो हे खरं, पण एसएसच्या लेकराला मलेरिया फार महागात पडतो. मच्छरदाणी बारा महिने.

तापाबरोबर किंवा तापाशिवाय आणखी काही दिसलं तरी थांबायचं नाही. खोकला आणि छातीत दुखणं, श्वास जोराने चालणं (दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, आणि मोजायचं ते लेकरू शांत असताना, पूर्ण एक मिनिट). तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटका. अचानक पांढरं पडणं. मुलाच्या लिंगाला बराच वेळ दुखरा ताठरपणा येणं, जे पोरं लाजेने लपवतात, त्यामुळे मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की बापाने त्याला हे आधीच सांगून ठेवावं.

एक पिशवी नेहमी भरून ठेवा: रिपोर्ट, सिकल कार्ड, चालू औषधं, थर्मामीटर, पाण्याची बाटली आणि एका कागदावर चार ओळी. नाव आणि वय, एसएस, सध्याचं वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन, आधी रक्त कधी चढलं. रात्री १०८ लावताना आणि अनोळखी डॉक्टरसमोर याच चार ओळी कामाला येतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी मोफत आहे.

‘नेहमीचं हिमोग्लोबिन’ हा आकडा विशेष जपा. एसएसच्या पुष्कळ लेकरांचं हिमोग्लोबिन एरवीही ७ ते ९ च्या आसपास असतं आणि ती हिंडतात-फिरतात. नवीन डॉक्टर ७.५ पाहून रक्त चढवायला निघतील. नेहमीचं ८ असेल तर घाई नको. पण नेहमीचं ८.५ आणि आज ६ असेल तर काहीतरी गंभीर घडतं आहे.

दुखणं उठलं तर

पाणी जास्त द्या, दुखऱ्या जागी कोमट शेक द्या, अंग गरम ठेवा. बर्फ लावायचा नाही. पॅरासिटामॉल सहा तासांनी, दिवसातून चार वेळांच्या वर नाही. दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलच्या दुकानातून मनाने घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. ॲस्पिरिन लेकरांना नाही. इतकं करून कमी झालं नाही, किंवा उलट्या होऊन पाणी पोटात ठरत नसेल, तर दवाखान्यात सलाईन आणि जोरकस वेदनाशामक लागेल. लेकरू ‘दुखते’ म्हणतं तेव्हा ते नाटक करतं असं कोणालाही म्हणू देऊ नका, शाळेतल्या गुरुजींनाही नाही. बाहेरून काही दिसत नाही, म्हणूनच ते एकटं पडतं.

हायड्रॉक्सियुरिया

हे रोज घ्यायचं औषध. ते रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, तेच जे पहिले महिने बाळाला सांभाळत होतं. मोठ्यांमध्ये त्याचा फायदा १९९५ साली सिद्ध झाला. लेकरांना देणं सुरक्षित आहे का हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर टप्प्याटप्प्याने मिळालं. २०११ साली अमेरिकेत ९ ते १८ महिन्यांच्या १९३ बाळांवरच्या चाचणीत दुखण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडात १ ते १० वर्षांच्या सहाशेवर लेकरांना ते दिलं गेलं. २०१९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दुखणं, रक्त चढवण्याची गरज, मलेरिया आणि मृत्यू, चारही कमी झाले.

आपल्या जवळचा पुरावा नागपूरचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आपण नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो, डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या ६० मुलांवर चाचणी केली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. मात्रा होती एका किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे परदेशात वापरतात त्याच्या निम्मी. तेवढ्यानेही दुखण्याचे प्रसंग आणि रक्त चढवणं खूप कमी झालं. निकाल २०१२ मध्ये छापला गेला. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्तपेशी घसरण्याचा धोकाही कमी. खेड्यातल्या लेकरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

औषध कधी सुरू करायचं आणि किती, हे डॉक्टर वजनावर आणि त्रासावर ठरवतात. घरच्यांनी पाळायचं ते असं: रोज एकाच वेळी द्या, रात्री जेवणानंतर ठीक. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. सुरुवातीला दर महिन्याला आणि मात्रा बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण हे औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली आणू शकतं. तपासणी न करता नुसतं औषध आणत राहणं धोक्याचं. फायदा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यात दुखणं उठलं म्हणून सोडून देणारी घरं पुष्कळ आहेत. नखं थोडी काळवंडली तर घाबरू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने उघडी कॅप्सूल हाताळू नये. मुलगी वयात आल्यावर आणि लग्न ठरताना डॉक्टरांशी या औषधाबद्दल वेगळं बोला. औषध चालू असताना ताप आला तरी नियम तोच.

फॉलिक ॲसिडची गोळी सुरू असतेच. लोहाची मात्र डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय नाही. शाळेत वाटतात त्या लोहाच्या गोळीबद्दलही आधी विचारून घ्या, कारण वारंवार रक्त चढलेल्या लेकराच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं.

रक्त चढवणं आणि मेंदूची सोनोग्राफी

सिकलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं, बदली रक्तदाता मागता येत नाही. पिशवी लावण्याआधी त्यावरचं नाव आणि गट स्वतः वाचा. पहिली पंधरा मिनिटं लेकराजवळून हलू नका. थंडी वाजणं, खाज, पाठ दुखणं, श्वास लागणं यापैकी काही झालं तर लगेच नर्सताईला हाक मारा.

एसएसच्या लेकराला लहान वयात लकवा मारू शकतो. डोक्याला बाहेरून यंत्र लावून मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला वेग मोजतात, त्याला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर धोका मोठा. अशा १३० लेकरांवरच्या १९९८ सालच्या चाचणीत नियमित रक्त दिल्याने लकव्याचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी झाला. दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत वर्षातून एकदा ही तपासणी व्हावी. तालुक्याला होत नाही, नागपूरला मेडिकल, मेयो किंवा एम्सला गेलात की विचारा. सिकलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, कार्ड जवळ ठेवा.

मोह, तेंदू, रोवणा आणि थंडी

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला पहाटे निघालेल्या आईबरोबर लेकरूही जंगलात जातं. दहा वाजेपर्यंत ऊन चांगलंच तापलेलं असतं. एसएसच्या लेकरासाठी हा सगळ्यात वाईट काळ. त्याला घरी आजीजवळ ठेवा. नेणं भागच असेल तर त्याची स्वतःची बाटली, डोक्याला ओलं फडकं आणि तासाला थोडं पाणी, मागितलं नाही तरी. ताक आणि पातळ पेज चालते. लघवी पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं.

पावसाळ्यात रोवण्याच्या बांधीत भिजू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड पाण्याची आंघोळ नको, बोडीत, म्हणजे गावतळ्यात पोहणंही नको. पोहून आल्यावर रात्री पाय दुखून उठलेली पोरं दर हिवाळ्यात येतात.

शाळेत मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी द्या: बाटली वर्गात जवळ ठेवू द्यावी, लघवीला मागेल तेव्हा सोडावं (या आजारात मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून सारखं जावं लागतं आणि रात्री अंथरूणही ओलं होतं), उन्हात कवायतीला उभं करू नये, आणि ताप आला की घरी फोन करावा. खेळायला मनाई नको, थकल्यावर बसू द्यावं एवढंच. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

दवाखान्यात ‘अभ्यासात भाग घ्या’ म्हणाले तर

वरचं सगळं ज्ञान अभ्यासांतूनच आलं, आणि पुढचं औषधही तसंच येणार आहे. तेव्हा ‘प्रयोग करतात’ म्हणून पळून जाऊ नका, आणि डॉक्टर रागावतील म्हणून अंगठाही उठवू नका. बसून विचारा.

हे नवीन औषध आहे की आधीच वापरातलं? माझ्या लेकराला बिनऔषधाची गोळी मिळू शकते का, आणि तसं झालं तर नेहमीचा उपचार चालू राहील का? किती वेळा यावं लागेल, किती रक्त घेणार, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाकडून? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद आहे का, तिचा क्रमांक काय? २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत मिळायला हवा, आणि गंभीर इजेला भरपाईची तरतूद आहे. माहितीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवा आणि त्याची प्रत घरी न्यायला मिळायला हवी. वाचता येत नसेल तर कोणीतरी वाचून दाखवावं आणि साक्षीदार असावा. सही आईबापाची असते, पण लेकरू सात वर्षांचं झालं की त्यालाही त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो. त्याने ठाम नाही म्हटलं तर त्याचं ऐका.

त्याच दिवशी सही करायची घाई नसते. गावी जा, घरात बोला, शिकलेल्या पुतण्याला कागद दाखवा. हो म्हटल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे लेकराचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. कोणी पैसे मागितले तर तो अभ्यास नाही, तिथून उठा आणि अधीक्षकांकडे जा.

बाकीची भावंडं आणि पुढचं गरोदरपण

एक लेकरू एसएस निघालं की त्याच आठवड्यात बाकीच्या भावंडांची एचपीएलसी करा. वरून धडधाकट दिसणारं दुसरं लेकरू एसएस निघतं, असं वारंवार होतं. आपल्या भागातल्या अनेकांचं गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहतं, म्हणून त्रास उशिरा दिसतो. पण नागपूरला जन्मापासून तपासून पुढे पाहिलेल्या लेकरांत काहींना लहान वयातच गंभीर त्रास झालेला दिसला आहे. सौम्य असेल या भरवशावर राहू नका. एएस निघालेल्या भावंडांचे रिपोर्ट लग्नापर्यंत जपून ठेवा. समोरचं स्थळ एएसही नसेल आणि एसएसही नसेल तर एसएसची भीती उरत नाही, फक्त त्यांचीही एचपीएलसी पाहून घ्या, थॅलेसेमियाचा दोष त्यातच कळतो.

दोघंही एएस असून पुढचं मूल हवं असेल तर पाळी चुकताच नोंदणी करा आणि पहिल्याच भेटीत ‘आम्ही दोघं एएस, पहिलं लेकरू एसएस’ असं सांगा. गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांत होऊ शकते, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागतं, तारीख घ्यावी लागते. पाचव्या महिन्यात कळवलं तर निर्णयाला वेळच उरत नाही. तपासणी करायची की नाही, आणि निकालानंतर काय करायचं, हे फक्त त्या दोघांनी ठरवायचं. न करायचं ठरलं तर बाळंतपण रुग्णालयातच करा, आणि सुट्टी घेण्याआधी बाळाच्या टाचेचं रक्त तपासणीला गेलं आहे का, रिपोर्ट कोणत्या तारखेला आणि कोणाकडून घ्यायचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.